व्याख्येंत न बसलेली सायकल

मराठींत ‘बसणें’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. माणूस खुर्चीवर बसतो, आणि जोडा पायाला बसतो किंवा बसत नाहीं. पहिला अर्थ विसाव्याचा आहे, दुसरा मापाचा. फ्रान्समध्यें १९३० नंतरच्या तीनचार वर्षांत एका सायकलीची जी हकीकत घडली, तींत हे दोन्ही अर्थ एकत्र आले. ही सायकल आरामखुर्चीवर रेलावें त्याप्रमाणें पाठ टेकून, पाय पुढें पसरून चालवावयाची होती. माणसाच्या अंगाला ती चांगली बसली, घड्याळाच्या कसोटीलाहि उतरली. परंतु सायकल कशाला म्हणावें हें ठरविण्याचा अधिकार ज्या संस्थेच्या हातीं होता, तिच्या व्याख्येंत मात्र ती बसली नाहीं.

ज्या वाहनाला आपण आज सायकल म्हणतों, त्याचें रूप १८८५ च्या सुमारास इंग्लंडांत ठरलें. त्यापूर्वींच्या सायकलीचें पुढचें चाक छातीइतकें उंच व मागचें अगदीं लहान असे, आणि वाटेंत एखादा दगड आला तर स्वार तोंडघशीं पडे. कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं केलीं, मागचें चाक साखळीनें फिरविलें आणि ‘रोव्हर’ या नांवानें ती सायकल बाजारांत आणली. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवेचें टायर काढलें. एवढें झाल्यावर सायकलीचें रूप जणू कायमचें ठरून गेलें. स्वारानें उंच सीटवर मांड घालावी, खालीं पाय मारावे आणि पुढें ओणवें व्हावें, ही घोडेस्वाराची ठेवण तिनें उचलली. तिच्याहून निराळी ठेवण कोणाला सुचलीच नाहीं असें नव्हे. जिनिव्हा येथील शालां यांनीं १८९६ च्या सुमारास पाठ टेकून चालवावयाची सायकल तयार केली होती. परंतु लोकांच्या डोळ्यांना एकदां एक आकार रुळला कीं दुसरा आकार विचित्र वाटूं लागतो, आणि जें विचित्र वाटतें तें निरुपयोगीहि असलेंच पाहिजे, असें मन परस्पर ठरवून टाकतें.

वस्तुतः घाईनें जाणाऱ्या सायकलस्वाराचा खरा शत्रु रस्ता नसून हवा हा आहे. सपाट मार्गावर ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या श्रमांचा बहुतेक भाग समोरची हवा बाजूला सारण्यांतच खर्ची पडतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकविण्यास आठपट शक्ति लागते. म्हणूनच शर्यतींतला स्वार हॅंडलवर वांकून अंग चोरून घेतो. पण वांकण्यालाहि मर्यादा आहे. छाती दडपते, मान अवघडते, मनगटांवर भार येतो. याच्या उलट माणूस मागें रेलला आणि त्यानें पाय पुढें केले, तर वाऱ्यापुढें येणारें अंग आपोआप कमी होतें, आणि छातीहि मोकळी राहते. अशा रीतीनें जो विसावा दिसतो तोच वेगाला साह्य करतो. ही गोष्ट गणिताला पटते, पण डोळ्यांना पटत नाहीं. आणि पुढील सारा घोटाळा या डोळ्यांनींच केला.

शार्ल मोशे हे फ्रान्समध्यें हलक्या मोटारी बांधणारे गृहस्थ. त्यांचा मुलगा झॉर्झ लहान असतांना त्याला सायकल हवी होती. परंतु रहदारीच्या रस्त्यावर मुलानें दोन चाकांवर जावें, याचें त्याच्या आईला भय वाटे. बापानें तोड काढली. त्यांनीं मुलासाठीं पायडलांनीं चालणारी चार चाकांची गाडी तयार केली. ती इतकी वेगवान् निघाली कीं सायकलीवरचीं मुलें तिच्या मागें पडूं लागलीं. मग मोठ्या माणसांनाहि तशी गाडी हवीशी वाटली, आणि त्यांतून ‘व्हेलोकार’ जन्मास आली. तींत दोन माणसें शेजारीं शेजारीं बसत आणि दोघेंहि पायडलें मारीत. सामानालाहि थोडी जागा असे. ज्यांना मोटार परवडत नव्हती त्यांची ती मोटारच होती. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेनासें झालें, तेव्हां अशा गाड्यांचें महत्त्व अधिकच वाढलें.

या गाडींत एक दोष मात्र होता. वेगांत वळण घेतांना ती कलंडण्याचा संभव असे. दुचाकीचा स्वार वळणावर आंतल्या बाजूस झुकतो. चार चाकांच्या गाडीला तसें झुकतां येत नाहीं. तेव्हां मोशे यांनीं ती गाडी जणू मधोमध उभी चिरली आणि तिच्या एका अर्धांगाची दुचाकी केली. चाकें लहान, सुमारें पन्नास सेंटिमीटर व्यासाचीं; दोन चाकांच्या मध्यें, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पाठ असलेली बैठक; आणि पायडलांचा आंस त्या बैठकीहूनहि सुमारें बारा सेंटिमीटर वर. हॅंडल स्वाराच्या पुढ्यांत असे व त्याची गति दांतेरी चाकांच्या जोडीनें पुढच्या चाकाकडे पोंचविली जाई. स्वारांची उंची कमीजास्त असते हें ध्यानांत घेऊन बैठक मागें-पुढें सरकविण्याची सोय केलेली होती.

ही शेवटची सोय किरकोळ वाटेल, परंतु अशा सायकलीच्या पारखेंत तीच मुख्य आहे. साध्या सायकलीवर सीट वर-खालीं करून स्वाराचें माप जुळवितात. आडव्या सायकलीवर पायांची लांबी आडवीच मोजावी लागते. पायडल सर्वांत दूर गेलें असतां गुडघा जवळजवळ सरळ, परंतु किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. बैठक फार जवळ असेल तर गुडघ्यांना ताण बसतो. फार दूर असेल तर प्रत्येक फेरीस कंबर पुढें घसरते आणि पाठीचा टेकू सुटतो. हा टेकू म्हणजे केवळ आराम नव्हे. साध्या सायकलीवर स्वार आपल्या वजनाचा उपयोग करतो. चढ आला कीं सीटवरून उठून पायडलावर उभा राहतो. आडव्या सायकलीवर वजनाचा असा उपयोग होत नाहीं. जड पेटी सरकवितांना आपण भिंतीला पाठ लावतों व पायानें रेटा देतों, तसाच हा प्रकार आहे. पाय जेवढ्या जोरानें पुढें रेटतो तेवढ्याच जोरानें पाठ मागें टेकली पाहिजे. पाठ टेकली नाहीं तर पायाचा जोर वायां जातो.

या वाहनाचे दोषहि सांगितले पाहिजेत. चढावर उभें राहतां येत नसल्यानें हलका गिअर घेऊन पाय भराभर फिरवावे लागतात, आणि तरीहि चढावर तें बहुधा मागें पडतें. निघतांना पहिल्या कांहीं क्षणांत तोल सांभाळणें कठीण जातें. मागें वळून पाहतां येत नाहीं. आरसा लावावा लागतो. पाय उंच असल्यामुळें लांबच्या मजलेंत तळव्यांना मुंग्या येतात. शिवाय ज्या स्नायूंना या कामाची संवय नसते ते पहिल्या दिवसांत लवकर थकतात; संवय व्हावयास कांहीं आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जो कोणी निकाल देईल त्याचा निकाल दोन्ही बाजूंनीं चुकण्याचा संभव आहे. एकजण आराम पाहून भुलेल, दुसरा डगमग पाहून नाकारील. पारख करणाऱ्यानें आधीं बैठक आपल्या पायांना जुळवून घ्यावी, मग कांहीं दिवस स्वारी करावी, आणि शेवटीं घड्याळाला विचारावें, हाच खरा क्रम होय.

मोशे यांना आपलें यंत्र शर्यतींत उतरवावयाचें होतें. प्रथम त्यांनीं तें आंरी लमुआन या धंदेवाईक सायकलपटूला दाखविलें. लमुआन यांनीं स्वारी करून पाहिली. यंत्र किती सहज चालतें आणि त्यावर बसणें किती सुखाचें आहे हें पाहून त्यांना आश्चर्य वाटलें. परंतु शर्यतींत त्यावर बसण्यास ते तयार झाले नाहींत. नंतर मोशे फ्रान्सिस फोर यांच्याकडे वळले. फ्रान्सिस हे नामांकित सायकलपटू बनुआ फोर यांचे बंधु. स्वतः ते पहिल्या प्रतीचे खेळाडू गणले जात नव्हते. त्यांनीं सायकल चालवून पाहिली, ती त्यांना पटली, आणि पटलेली गोष्ट चारचौघांत करून दाखविण्याचेंहि त्यांनीं पतकरलें. सहस्पर्धकांनीं त्यांची थट्टा केली. ज्या मैदानावर सारे जण ओणवे होऊन घाम गाळतात, तेथें हा मनुष्य बिछान्यावर पडल्यासारखा येतो, हें दृश्य हसण्याजोगेंच वाटलें असेल. पण शर्यत सुरू झाल्यावर हंसणारे मागें राहूं लागले. शर्यतींत पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहून वारा चुकविणें ही नेहमींची युक्ति. परंतु फोर यांच्या मागें आडोसाच मिळत नसे, इतके ते जमिनीलगत असत.

मोशे हे सावध गृहस्थ होते. १९१४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें वारा कापण्यासाठीं सायकलीवर कवच चढविण्यास मनाई केली होती. आपल्या सायकलीला ती मनाई लागूं पडते काय, हें त्यांनीं संघाला १९३२ सालीं आधींच विचारून घेतलें होतें. या सायकलीला वारा कापण्यासाठीं वेगळा असा कोणताहि भाग जोडलेला नाहीं, तेव्हां तिला हरकत नाहीं, असें त्यांना कळविण्यांत आलें. एवढी खात्री करून घेतल्यावर ते मोठ्या परीक्षेस निघाले.

ही परीक्षा म्हणजे एका तासाचा उच्चांक. सायकलीच्या जगांत याहून साधी व याहून कठोर कसोटी नाहीं. एकटा स्वार, बंदिस्त मार्ग, साठ मिनिटें; तेवढ्यांत जितकें अंतर तोडाल तितकें तुमचें. स्वित्झर्लंडचे ऑस्कर एग यांनीं १८ जून १९१४ रोजीं पॅरिस येथें एका तासांत ४४.२४७ किलोमीटर अंतर तोडलें होतें. त्यानंतर दीड महिन्याच्या आंत युरोपांत महायुद्ध पेटलें, तें संपलें, एक पिढी मोठी झाली. परंतु एग यांचा आंकडा एकोणीस वर्षें तसाच राहिला. ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिसच्याच एका मैदानावर फ्रान्सिस फोर मोशे यांच्या सायकलीवर रेलून बसले आणि एका तासांत ४५.०५५ किलोमीटर गेले. मोठमोठ्या वीरांना न साधलेली गोष्ट दुसऱ्या फळीच्या एका स्वारानें ८०८ मीटर राखून केली. त्याच वर्षीं पॅरिस ते लिमोज ही रस्त्यावरची शर्यत पॉल मोरां यांनीं मोशे यांच्याच सायकलीवर जिंकली.

गुंता वाढण्यास वेळ लागला नाहीं. त्याच ऑगस्ट महिन्यांत हॉलंडचे यान व्हान हाउट यांनीं साध्या सायकलीवर ४४.५८८ किलोमीटर, आणि लागलीच फ्रान्सचे मॉरिस रिशार यांनीं ४४.७७७ किलोमीटर अंतर तोडलें. दोघांनींहि एग यांना मागें टाकलें, पण दोघेहि फोर यांच्या मागेंच होते. फोर यांचा उच्चांक खरा मानला तर या दोघांच्या पराक्रमाला उच्चांकाचा मान नाहीं. तो खरा न मानला तर तसें कां, याचें कारण दिलें पाहिजे. फेब्रुवारी १९३४ मध्यें सायकल संघाच्या पॅरिस येथील अधिवेशनापुढें हा प्रश्न आला आणि त्यावर उघड मतभेद झाले. कांहींना हें यंत्र भविष्यकाळची सायकल वाटलें, तर कांहींना ती मुळीं सायकलच वाटली नाहीं.

विरोध करणाऱ्यांच्या बाजूला कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. शर्यत ही माणसामाणसांतली तुलना आहे, आणि तुलनेसाठीं साधन सारखें लागतें. दोन कुस्तीगीरांपैकी एकालाच चिलखत दिलें तर ती कुस्ती राहत नाहीं. फोर यांचे ८०८ मीटर हे फोर यांचे कीं मोशे यांचे, हा प्रश्न विचारण्याजोगाच होता. परंतु दुसऱ्या पक्षाचेंहि म्हणणें तितकेंच सबळ आहे. साखळी, हवेचे टायर आणि हलक्या लोखंडाच्या नळ्या हीं सुद्धां एकेकाळीं नवींच साधनें होतीं, आणि प्रत्येकानें वेग वाढविला होता. त्यांना सायकलीच्या घरांत जागा मिळाली, मग पाठीच्या टेक्यालाच दार बंद कां? शिवाय आधीं हरकत नाहीं असें सांगावयाचें, आणि यश मिळाल्यावर हरकत काढावयाची, हें कोणत्या न्यायांत बसतें?

संघानें निकाल दिला तो मापाच्या रूपानें. शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या ठरली. पायडलांचा आंस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटर उंचीवर असावा. सीटचें टोंक त्या आंसाच्या मागें १२ सेंटिमीटरांहून अधिक नसावें. आणि त्या आंसापासून पुढच्या चाकाच्या आंसापर्यंतचें अंतर ५८ ते ७५ सेंटिमीटर असावें. या आंकड्यांत आडव्या सायकलीचें नांवहि नाहीं. परंतु जिच्यावर माणूस मागें रेलतो, तिची बैठक पायडलांपासून पायाच्या लांबीइतकी मागें असलीच पाहिजे. ती १२ सेंटिमीटरांत येणें शक्य नाहीं. नांव न घेतां तिला घराबाहेर काढलें गेलें. फोर यांचा उच्चांक वेगळ्या वर्गांत नोंदला गेला, आणि तासाच्या उच्चांकाच्या यादींत व्हान हाउट व रिशार यांचीं नांवें आलीं.

याचा परिणाम एका स्वाराच्या मानापानापुरता राहिला असता तर इतक्या वर्षांनीं ही हकीकत सांगण्याचें कारण नव्हतें. परंतु कारखानदार जें विकतो तें बहुधा शर्यतींत जिंकणाऱ्याच्या खालीं दिसलेलें असतें. शर्यत बंद झाली म्हणजे जाहिरात बंद झाली, आणि जाहिरात गेली म्हणजे सुधारणेला पैसा लावणारा गेला. साध्या सायकलीवर गेल्या शंभर वर्षांत हजारों कारागिरांची बुद्धि खर्च झाली; आडवी सायकल मात्र बराच काळ थोड्या हौशी माणसांच्या हातीं राहिली. शार्ल मोशे १९३४ सालींच वारले. ज्याच्यासाठीं पहिली गाडी बांधली गेली होती, त्या झॉर्झनें बापाचें काम पुढें चालविलें. ५ मार्च १९३९ रोजीं फोर यांनीं कवच चढविलेल्या व्हेलोकारवर एका तासांत ५०.५३७ किलोमीटर अंतर तोडलें. कवच असल्यामुळें हा पराक्रम तर नेहमींच्या यादीबाहेरचाच होता.

साध्या सायकलीवर फोर यांचा १९३३ चा आंकडा प्रथम मागें टाकला तो इटलीच्या जुझेप्पे ओल्मो यांनीं, ऑक्टोबर १९३५ मध्यें. त्यांचें अंतर ४५.०९० किलोमीटर, म्हणजे अवघे पस्तीस मीटर अधिक. पन्नास किलोमीटरांची सीमा साध्या बैठकीवर ओलांडावयास १९८४ साल उजाडावें लागलें. फ्रांचेस्को मोझेर यांनीं तें मेक्सिकोच्या विरळ हवेंत केलें. त्यांच्या सायकलीच्या निराळ्या घडणीमुळें तोच जुना वाद पुन्हां उभा राहिला. २००० सालीं संघानें मोझेर यांच्यापासूनचे उच्चांक बाजूस काढले व सर्वांस एडी मेर्क्स यांच्या १९७२ च्या सायकलीच्या ठेवणीवर आणलें. २०१४ सालीं तेंहि बदललें. माणसाला मोजावें कीं यंत्राला, याचें उत्तर संघालाहि एकदांच देऊन मोकळें होतां आलें नाहीं.

दरम्यान १९७५ पासून अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें कांहीं अभ्यासू मंडळींनीं केवळ माणसाच्या बळावर चालणाऱ्या कोणत्याहि वाहनासाठीं शर्यती भरविण्यास सुरुवात केली. तेथें माप एकच होतें: माणसाखेरीज दुसरें बळ नको. या मोकळ्या मैदानांत रेलून बसण्याची रीत लागलीच पुढें आली. २०१६ सालीं कॅनडाचे टॉड राइकर्ट कवच असलेल्या अशाच वाहनांतून सपाट रस्त्यावर ताशीं १४४ किलोमीटरांहून अधिक वेगानें गेले. त्याच वर्षीं फ्रांचेस्को रुसो यांनीं एका तासांत ९२.४३२ किलोमीटर अंतर तोडलें. साध्या सायकलीवर इटलीच्या फिलिप्पो गान्ना यांनीं २०२२ सालीं केलेलें तासाचें अंतर ५६.७९२ किलोमीटर आहे. हे आंकडे एकाच तराजूंत घालतां येत नाहींत हें खरें. परंतु दुसरा तराजू ठेवला तर त्यांत काय पडूं शकतें हें त्यांवरून कळतें.

संघानें १९३४ सालीं दोन तराजू ठेवले असते, दोन्हींकडे सारख्याच आदरानें पाहिलें असतें, तर साध्या सायकलीचें कांहींच बिघडलें नसतें, आणि आडव्या सायकलीलाहि आपले दोष सुधारण्यास अवसर मिळाला असता. व्याख्या ही वस्तूला ओळखण्यासाठीं असते. वस्तु पुढें गेली म्हणजे व्याख्येनेंहि दोन पावलें चालावें लागतें. या हकीकतींत पारख करणारे अनेक होते. मैदानावर हंसणाऱ्यांनीं नुसतें पाहिलें. संघानें फूटपट्टीनें मोजलें. लमुआन यांनीं बसून पाहिलें, पण ते उठून गेले. फ्रान्सिस फोर यांनीं मात्र बैठक आपल्या पायांना जुळवून घेतली, पाठ टेकली, आणि पुढचा एक तास पायडलें मारलीं. त्या सायकलीविषयीं अधिकारानें बोलण्याचा हक्क सर्वांत अधिक त्यांचाच होता.